मनकर्णेच्या लाल फिती

ऐनटोल्यात मनकर्णेशी भांडण उकरून काढायला सहसा कोणी धजत नसे. कोणी उकरलंच, तर ती हातातलं काम शांतपणे खाली ठेवायची, पदर खोचायची आणि म्हणायची, "हं, बोल आता." एवढ्यानंच निम्म्यांचा आवाज बसायचा. उरलेल्या निम्म्यांना ती पुरून उरायची.

ही चोपन्न सालची गोष्ट. चांदा जिल्हा तेव्हा मध्यप्रदेशात मोडायचा. आरमोरीच्या पुढं जंगलात मासेमार ढिवरांची लहानशी वस्ती, म्हणजे हा टोला होता. उन्हाळ्यात तळ्यात जाळी टाकायची, आणि पोळा सरला की ऐनाच्या झाडांवर कोशाचे किडे चढवायचे, हा त्यांचा धंदा. किडे पानं खाऊन मोठे होत, फांद्यांवर कोश बांधत, आणि ते कोश आरमोरीचे कोष्टी रेशमासाठी नेत. दिवाळीच्या तोंडाशी कोश उतरेपर्यंत कावळे, मुंगळे, गांधीलमाशा, खारी अशा सगळ्या जंगलाशी वैर धरून राखण करावी लागे. प्रत्येक घराला ऐनाच्या झाडांचा एक पट्टा वाटून दिलेला असे.

आणि या सगळ्या काळात नेम पाळायचा. नेम म्हणजे नेम. पुरुषांनी दाढी करायची नाही. कोणी केसांना तेल लावायचं नाही, फणी फिरवायची नाही. चामड्याचा जोडा नाही, खाट नाही, आणि ढिवर असून घरात मासा नाही. जाळी भिंतीवर कोरडी लटकत राहायची आणि मांजरं उपाशी फिरायची. किडा म्हणजे देवाचं लेकरू, त्याला तेलाचा वास सोसत नाही, असं सगळे मानत. ज्याच्या घरात नेम मोडला त्याचे किडे सडतात, आणि एकाचे सडले की वारा ती कीड शेजारच्या पट्ट्यात नेतो. त्यामुळं नेम ज्याचा त्याचा असला तरी त्यावर डोळा सगळ्या टोल्याचा असायचा.

मनकर्णेचा नवरा सोमाजी तीन पावसाळ्यांपूर्वी तापानं गेला, तोही नेमका किडे झाडावर असताना. टोल्यातला सगळ्यात वडीलधारा माणूस देवाजी. पट्टे तोच वाटायचा. दिवस उरकले तसा तो मनकर्णेच्या दारात येऊन म्हणाला, "पट्टा आता दुसऱ्याले द्या लागन. बाईच्या जातीनं कोशात पाय ठेवू नाई."

"मंग किडे का माह्या नवऱ्यासंगं जाळाचे होते?" मनकर्णा म्हणाली. "त्याईले पाला कोन देईन? तुमी?"

मनकर्णा त्याच संध्याकाळी पट्ट्यातल्या मचाणावर जाऊन बसली. बायाबापड्यांनी तोंडात बोटं घातली. देवाजीनं शेवटी एक अट घातली, की एक केसभर जरी नेम चुकला तरी पट्टा सोडायचा. "सोडीन," मनकर्णा म्हणाली. तेव्हापासून तिनं असा नेम पाळला की टोल्यातले जाणते गडीही तिच्यापुढं फिके पडले. पट्टा गेला तर तिच्याजवळ काहीच उरणार नव्हतं, आणि परक्याच्या धानात रोवणीला वाकायला तिची मान तयार नव्हती.

तिची एकुलती एक पोर बुधरी. तीही नेमातच, कारण मायलेकी दोघी मचाणावरच राहायच्या. केस पिंजारलेले, पाय अनवाणी, आणि डोळे मात्र सगळं टिपून घेणारे.

नाल्यापल्याडच्या मोठ्या गावात जनपदची, म्हणजे सरकारी, शाळा होती. बुधरीला तिथं कोणी घातलं नव्हतं. देवाजीची नात रुखमा जायची, तिच्या मागं मागं ही गेली आणि बसली. संध्याकाळी येऊन कविता म्हणायला लागली. मनकर्णेला त्यातलं अर्धंमुर्धं कळेना, आणि त्याचाच तिला आनंद झाला. आपल्याला कळत नाही असं आपली पोर बोलते, म्हणजे काहीतरी शिकतेच आहे, असा तिचा सरळ हिशोब होता. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः पोरीला नाल्यापर्यंत सोडलं. आता बुधरी तिसरीत होती.

शाळेचे गुरुजी वर्ध्याकडचे. माणूस सरळ, खादी घालणारा, सकाळी स्वतः झाडू घेऊन अंगण लोटणारा. नखं, दात आणि केस हे तीन सुधारले की सगळं जंगल सुधारेल, अशी त्यांची पक्की समजूत. त्यातच गेल्या वर्षी साहेब शाळा तपासायला आले आणि पोरांच्या डोक्यांकडं बघून म्हणाले, "गुरुजी, ही शाळा आहे की रान?" गुरुजींना ते फार लागलं. तेव्हा यंदाच्या पावसाळ्यापासून त्यांच्या पत्नी इंदुताई नागपूरहून आणलेली खोबरेल तेलाची बाटली आणि फणी घेऊन प्रार्थनेनंतर वऱ्हांड्यात बसू लागल्या. पोरांनी ओळीनं यायचं, डोकं पुढं करायचं. मुलींच्या दोन वेण्या घालायच्या. इंदुताईंना स्वतःचं मूल नव्हतं, आणि त्या हे काम किती मायेनं करत हे त्यांच्या हाताला डोकं दिलेल्या प्रत्येक पोरीला ठाऊक होतं.

पोळा सरला. किडे झाडावर चढले. टोल्यात नेम सुरू झाला.

एका संध्याकाळी मनकर्णा मचाणाखाली चूल पेटवत होती. बुधरी आली आणि तिच्यासमोर उभी राहिली. मग हळूच तिनं मान वळवली.

"माय, पाह्य ना."

केस चापून बसवलेले, मधोमध भांग, दोन घट्ट वेण्या, आणि टोकांना लाल फिती. फितीची फुलं बांधली होती. क्षणभर मनकर्णेला वाटलं, किती गोड दिसते आपली पोर, सोमाजी असता तर खांद्यावर घेऊन टोलाभर फिरला असता. मग खोबरेलाचा वास तिच्या नाकात गेला आणि तिनं हातातलं लाकूड खाली ठेवलं.

"कोनं केलं हे?"

"गुरुजीच्या बाईनं."

"अन् तू बसली? नेम हाये, मालूम नाई तुले?"

बुधरीचा चेहरा उतरला. "तुले दाखवाचं होतं," ती म्हणाली.

तेवढ्यात पायवाटेवरून देवाजी येताना दिसला. पोरीला मचाणाआड लोटायला मनकर्णेला वेळ होता. तिनं लोटलं नाही. लपवाछपवी तिच्या रक्तातच नव्हती, आणि लपवून ठेवलेल्या पट्ट्यावर तिला झोप आली नसती.

देवाजी थबकला. दाढी छातीपर्यंत आलेली, डोक्याचं टोपलं झालेलं. "मनकर्णा, पोरीच्या वेनीले का हाये?"

"फिती हाये."

"अन् केसाले?"

"तेल हाये. शाळेत लावलं. मले न इचारता लावलं."

"कोनं लावलं ते किड्याले मालूम नसते," देवाजी म्हणाला. "उद्या सांजच्याले मोहाखाली बैठक हाये. पट्ट्याचं काय ते तिथीच ठरन."

तो गेल्यावर मनकर्णेनं पोरीला हाताला धरून नाल्यावर नेलं आणि चिकण माती लावून तिचं डोकं खसाखसा धुतलं. बुधरी रडली, पण डोकं मागं घेतलं नाही. फिती मनकर्णेनं फेकल्या नाहीत. पिळून कमरेला खोचल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टा कावळ्यांच्या भरवशावर टाकून ती पोरीसोबत शाळेत गेली. तसं करणं तिला परवडणारं नव्हतं. पण बैठकीत मान खाली घालून बसणं त्याहून परवडणारं नव्हतं.

ती पोचली तेव्हा प्रार्थना संपली होती. वऱ्हांड्यात पोरांची ओळ लागली होती आणि इंदुताई बाटली उघडून बसल्या होत्या. त्यांच्यापुढं डोकं वाकवून बसली होती रुखमा, देवाजीची नात. तिच्या मागं टोल्यातलीच पोरं, एकामागं एक. मनकर्णेला बघताच ओळीतल्या पोरांनी हातांनी डोकी झाकली.

मनकर्णा जागच्या जागी उभी राहिली. रोज संध्याकाळी टोल्याची पोरं नाल्यावर एवढा वेळ कसला दंगा घालतात, हे तिला आत्ता उमगलं. सगळी पोरं सकाळी तेल लावून घेत होती आणि घरी येताना माती लावून धुऊन टाकत होती. बुधरीही इतके दिवस तेच करत असणार. फक्त काल फिती मिळाल्या, वेण्या मोडायला तिचा जीव झाला नाही, मायला दाखवायच्या म्हणून ती तशीच घरी आली.

तिनं ओळीकडं पाठ केली आणि ती गुरुजींपुढं जाऊन उभी राहिली.

"गुरुजी, माह्या पोरीच्या डोक्स्याले आजपासून तेल लावाचं नाई. दिवाळीपावतर आमचा कोशाचा नेम हाये."

गुरुजींनी ऐकून घेतलं. मग समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, हा भ्रम आहे. मुलीच्या डोक्यात उवा होतात, खरूज होते. तेलानं किडे कसे मरतील? तुम्हीच विचार करा."

"गुरुजी, तुमी सकाळी पूजा करता?"

"करतो."

"पूजेच्या आधी जेवता?"

"नाही."

"जेवलं तं देव मरते का?"

ओळीतल्या एका पोराला हसू आवरलं नाही. गुरुजी लाल झाले. "ती गोष्ट वेगळी आहे."

"तशीच हे बी येगळी हाये."

"हे पाहा," गुरुजींचा सूर आता चढला, "शाळेचा नियम सगळ्यांना सारखा. वर्गात बसायचं तर केस नीट पाहिजेत. नसतील तर मी मुलीला वर्गात घेणार नाही. पुढच्या महिन्यात नावही कमी करीन."

"करा कमी. पोरगी येईन."

"मी वर्गात बसू देणार नाही म्हणतो ना!"

"वऱ्हांड्यात बसन. वऱ्हांडा जनपदचा हाये, तुमी वर्ध्याहून संगं नाई आनला."

इंदुताई फणी हातात धरून उठल्या. त्यांचे डोळे भरले होते. "मी चांगल्यासाठीच केलं हो बाई. किती छान दिसत होती काल."

मनकर्णेचा राग त्या डोळ्यांपुढं थोडा अडखळला, पण विझला नाही. "दिसत होती. मले बी दिसली," ती म्हणाली. "तुमच्या मनात पाप नाई, बाई. पन लेकरू माह्यं हाये. त्याच्या डोक्स्यावर हात ठेवाच्या आधी मले नाई इचारलं, तिले बी नाई इचारलं. दगडाले शेंदूर लावते तसं लावून मोकळ्या झाल्या."

बोलून ती वळली, वऱ्हांड्याच्या कोपऱ्यात गोणपाट अंथरलं आणि बुधरीला म्हणाली, "बस इथी. खिडकीतून ऐक. कोनी हाकललं तरी उठाचं नाई."

बुधरी बसली. मग मान वर न करता म्हणाली, "तू बी तं नाई इचारलं."

"कवा?"

"काल. नाल्यावर. डोक्सं धुताना."

मनकर्णा उभी राहिली, पोरीच्या कोरड्या, मातीनं ताठ झालेल्या केसांकडं बघत. मग चालू लागली. वाटभर ते वाक्य तिच्या मागं मागं येत होतं.

संध्याकाळी मोहाच्या झाडाखाली सगळा टोला जमला. पुरुष पट्ट्यांतून थेट आले होते, दाढ्या वाढलेले, केसांत पाला अडकलेला, हातात कावळे हाकायच्या गुलेरी. बायका एका अंगाला, पोरं त्यांच्या मागं. देवाजी मध्यभागी बसला.

"सांगाचं जास्त काही नाई," तो म्हणाला. "मनकर्णेनं शब्द देल्ला होता. पोरीच्या डोक्स्याले तेल मी माह्या डोयानं पाह्यलं. पट्टा तिनं सोडावा. किडे झाडावर हाये तवर दुसऱ्यानं राखावे."

मनकर्णेनं पदर खोचला. "तेल लागलं, हे खरं हाये. मी नाई म्हटलं नाई अन् म्हननार बी नाई. पन माह्या पोरीनं ते उघड्या डोक्स्यानं घरी आनलं. तिचा तेवढाच गुन्हा."

देवाजीनं भुवया आवळल्या. "तेवढाच म्हंजे? बाकी कोनाचा का गुन्हा हाये?"

"ते मी नाई सांगत."

"सांग म्हनतो ना!"

"भाऊ, माहा पट्टा गेला तरी चालन. दुसऱ्याच्या लेकराचं नाव माह्या तोंडून निंघनार नाई." तिचा आवाज चढला होता. पट्टा गेला तरी चालेल हे खोटं होतं, आणि ते तिला पुरतं ठाऊक होतं.

पोरांमध्ये चुळबुळ झाली. रुखमा आजोबांच्या मागं उभी होती. तिनं एकदा बुधरीकडं पाहिलं. बुधरीनं ओठ घट्ट मिटून नकारार्थी मान हलवली. पण रुखमाच्यानं राहवलं नाही.

"आबा, मी बी लावते," ती म्हणाली आणि हमसून रडायला लागली. "रोज लावते. अन् नाल्यावर धुते."

मग मागून एक बाई पुटपुटली, "म्हनूनच आमच्या पोट्ट्याच्या डोक्स्याले मातीचा वास येत होता." दुसरीनं आपल्या पोराचं डोकं ओढून हुंगलं. तिसरीनं तर हुंगायच्या आधीच पोराच्या पाठीत धपाटा घातला. बघता बघता मोहाखाली सगळी डोकी हुंगली जाऊ लागली, आणि ज्यांच्या घरची पोरं शाळेत जात होती त्यांतलं एकही घर सुटलं नाही.

देवाजी मान खाली घालून दाढी कुरवाळत होता.

"बोला आता, भाऊ," मनकर्णा म्हणाली. "कोनाकोनाचा पट्टा काढता? अन् काढून देता कोनाले? टोल्यात उरलं कोन?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. देवाजीनं वर पाहिलं तेव्हा त्याचे डोळे रागानं तांबडे झाले होते, पण तो राग आता मनकर्णेवर नव्हता. "माह्या नातीच्या डोक्स्याले तेल," तो म्हणाला, "अन् मले न इचारता?"

"हेच तं मी सकाळपासून बोंबलून राह्यली!" मनकर्णा म्हणाली, आणि मग सगळेच हसले. पट्ट्याचं नाव त्या दिवशी पुन्हा कोणी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी प्रार्थना सांगत होते आणि सांगता सांगता त्यांचा आवाज मध्येच थांबला. टोल्यातली माणसं नाला ओलांडून येत होती. पुढं मनकर्णा, तिच्या मागं देवाजी, आणि मागं दाढ्याजटा वाढलेले, उघडेवाघडे, अनवाणी गडी. साहेबांनी ज्याला रान म्हटलं होतं ते आज खरोखरच शाळेच्या अंगणात येऊन उभं राहिलं.

"काय आहे?" गुरुजी म्हणाले. त्यांनी इंदुताईंना मागं सारलं. "शाळेला धमकी द्यायला आलात?"

"नाई, गुरुजी," मनकर्णा म्हणाली. "लेकरं घेऊन आलो. तुमच्या पायापासी शिकवाले देल्ली होती, तशीच आनली. फक्त तेल दिवाळीपावतर बंद. वर्गात घ्यान तं वर्गात बसन, नाई घ्यान तं वऱ्हांड्यात."

"नियम नियम आहे," गुरुजी म्हणाले. माणूस भित्रा नव्हता.

"बरं," मनकर्णा म्हणाली आणि तिनं पोरांना हातानं खूण केली.

बुधरी जाऊन आपल्या गोणपाटावर बसली. तिच्या बाजूला रुखमा. मग टोल्यातली बाकीची सगळी, आणि त्यांच्या मागोमाग गावातलीही. वर्गात पाटलाचा पोरगा आणि आणखी दोघं-तिघं उरली. गुरुजी आत गेले, फळ्यावर बेरीज लिहिली आणि मोकळ्या जागेला शिकवू लागले. बाहेर पोरांनी पाढे सुरू केले. आधी दबक्या आवाजात, मग मोठ्यानं, मग इतक्या मोठ्यानं की अंगणातल्या दाढीवाल्या बापांनाही चेव आला आणि ज्यांना पाढ्याचं अक्षर येत नव्हतं तेही मान डोलवू लागले. आतून पाटलाचा पोरगाही त्यांच्यात सूर मिसळून म्हणायला लागला.

बऱ्याच वेळानं गुरुजी बाहेर आले. त्यांच्या दोन्ही हातांत फळा होता. तो त्यांनी दाराच्या चौकटीला टेकवला, म्हणजे आतल्यांनाही दिसेल आणि बाहेरच्यांनाही. खडू झटकला. मनकर्णेकडं न बघता म्हणाले, "दिवाळीपर्यंत. पुढं नाही. आणि नखं मी रोज पाहीन."

"नखं पाहा," मनकर्णा म्हणाली. "नखाचा आमचा नेम नाई."

इंदुताईंनी पदर तोंडाला लावला. हसू की रडू, ते कोणाला कळलं नाही.

किडे मोठे झाले, कोश बांधले. प्रत्येकाच्या पट्ट्यात थोडे सडले, जसे दर वर्षी सडत. कोणत्या पोराच्या तेलानं कोणाचे सडले, याचा माग लावायला देवाजीनं चार दिवस डोकं खाजवलं आणि नाद सोडला. कोश उतरले. नेम सुटला. दिवाळीला अजून आठवडा होता. टोल्यात न्हावी आला, दाढ्यांचे ढीग पडले, आणि घराघरांतून मासे शिजल्याचा वास येऊ लागला. मांजरांनी अंग चोरणं सोडलं.

मनकर्णेनं टोरीच्या तेलाचं मडकं काढलं, मोहाच्या बियांचं घरचंच तेल. बुधरी तिच्यासमोर येऊन बसली. मनकर्णेचा हात तेलात बुडाला आणि तिथंच थांबला.

"लावू का?" तिनं विचारलं.

बुधरीनं वळून पाहिलं. मायनं असं कधी विचारलेलं तिला आठवत नव्हतं. "आधी तुले," ती म्हणाली.

"मले कायले? मले कोन पाहीन?"

"मी पाहीन ना."

सोमाजी गेल्यापासून मनकर्णेनं नेम असो नसो, केस कधी नीट विंचरले नव्हते. गाठ मारायची आणि कामाला लागायचं. बुधरीनं ती गाठ सोडली. गुंता काढताना मनकर्णेनं दोनदा शिवी हासडली आणि एकदा डोळे पुसले. पोरीनं इंदुताईंसारखाच मधोमध भांग पाडला, दोन वेण्या घातल्या. मग मचाणाच्या दांडीला बांधून ठेवलेल्या लाल फिती सोडून आणल्या आणि टोकांना फुलं बांधली. एक फूल मोठं झालं, एक लहान.

"आता शाळेत चाल," बुधरी म्हणाली. "फिती त्याईच्या हाये. वापस द्या लागन."

दुसरी कोणी असती तर वाटेतच फिती सोडून मुठीत घेतल्या असत्या. मनकर्णा तशीच निघाली, तेल थापलेलं डोकं वर काढून, खांद्यांवर दोन वेण्या, त्यांना लाल फिती. बाया दारात येऊन हसायला लागल्या. गुळगुळीत दाढी केलेला देवाजी ओट्यावर बसला होता, तो ओळखूच येत नव्हता.

"हे का व मनकर्णा? नवरा नसलेल्या बाईनं असं..."

"नेम सुटला ना, भाऊ? का माह्या डोक्स्याचा नेम तुमाले अजून पाळाचा हाये?"

रुखमा देवाजीच्या मागून टाळ्या वाजवत पळत आली आणि शाळेपर्यंत त्यांच्या सोबत गेली.

इंदुताई वऱ्हांड्यात बसल्या होत्या. मनकर्णेला तशी बघून त्या उठूनच उभ्या राहिल्या. गुरुजी दारात आले, पोरं खिडकीत जमली. मनकर्णेनं सगळ्यांच्या देखत एक वेणी पुढं घेतली, फीत सोडली, मग दुसरी सोडली, आणि दोन्ही फिती इंदुताईंच्या हातावर ठेवल्या.

"घ्या, बाई. पोरीनं मले बांधल्या होत्या. पन इचारून बांधल्या."

इंदुताईंनी फितींकडं पाहिलं. मग त्या खाली वाकल्या, बुधरीच्या डोळ्यांना डोळे भिडवून म्हणाल्या, "बुधरी, बांधू का गं तुला?"

बुधरीनं विचार केला. चांगला वेळ घेऊन केला. गुरुजी, रुखमा, खिडकीतली सगळी पोरं तिच्या तोंडाकडं बघत राहिली.

"आज नाई," ती म्हणाली. "उद्या."

आणि दप्तर सावरत गुरुजींच्या शेजारून वर्गात जाऊन ती आपल्या जागेवर बसली.